आवाज भरदार कशाने होतो?

१. प्रश्न कोठून उद्भवतो

‘घरी मुद्रित केलेला माझा रॅप नुसता ऐकला तर बरा वाटतो, मग बीटवर ठेवताच तोच आवाज पातळ, एकाकी आणि शेजारच्या खोलीतून कुणी बोलत असल्यासारखा का वाटू लागतो?’ संगणक, एक माइक आणि एक हेडफोन एवढ्या सामग्रीवर गाणे तयार करण्याची मुभा ज्या पिढीस मिळाली, तिच्यातील नवशिक्या रॅपरांचा हा नित्याचा प्रश्न आहे, आणि त्यास मिळणारे उत्तर बहुधा एखाद्या प्लगिनचे नाव असते. ते उत्तर अगदीच खोटे असते असे नाही. परंतु कारणाचा उलगडा होण्यापूर्वीच इलाज हाती आल्यामुळे, तो लागू पडला तर का पडला आणि न पडला तर का नाही, याचा बोध विचारणाऱ्यास कधीच होत नाही. तेव्हा प्रथम कारणाकडे वळू.

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स विभागात, सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने एका समारंभात तबकड्या वाजवल्या, आणि तेथपासून या कलेचा इतिहास सांगण्याचा शिरस्ता आहे. तबकडीवरील तयार संगीत वाजत असता त्यावर माणसाने लयीत बोलावयाचे, ही तिची मूळची मांडणी. चित्रपटगीताचा संयोजक गायकासाठी जागा राखूनच वाद्ये योजतो. रॅपरच्या हाती पडणारी बीट मात्र पुष्कळदा स्वतःपुरती परिपूर्ण, खर्जापासून टिपेपर्यंत गच्च भरलेली आणि मास्टर करून कमाल पातळीस नेलेली असते. अशा भरल्या घरात आवाज उपरा ठरला तर त्यात नवल ते काय?

त्यात दुसरी अडचण अशी की गायकास दीर्घ स्वराचा जो आधार असतो तो रॅपरला नसतो. मिनिटाला ९० ठोक्यांची बीट घेतली आणि प्रत्येक ठोक्यात चार अक्षरे बसवली, तर सेकंदाला सहा अक्षरे होतात. म्हणजे एका अक्षराच्या वाट्यास सेकंदाचा सहावा भाग, आणि त्यातला बराचसा व्यंजनाने खाल्लेला. स्वर घुमावयाच्या आत पुढचे अक्षर दारात उभे!

साधनांच्या दारिद्र्याला मात्र यात फारसा दोष देता येत नाही. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ साली लोकांपुढे आणलेले ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर तयार झाले होते, आणि मुंबईच्या रॅपची वाट पुढे ज्या गाण्यांनी रुंद केली त्यांत त्याची गणना होते.

२. आवाजाचे अंग

कोणताही मानवी आवाज एकाच कंपनाचा बनलेला नसतो. साध्या बोलण्यात पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे ८५ ते १८० वेळा आणि स्त्रीचे सुमारे १६५ ते २५५ वेळा कंप पावतात. सेकंदास एक कंपन म्हणजे एक हर्ट्झ, आणि या कंपनाच्या आकड्यास आपण मूळ कंप्रता म्हणू. एखाद्या पुरुषाची मूळ कंप्रता ११० हर्ट्झ असेल, तर त्याच क्षणी त्याच्या कंठातून २२०, ३३०, ४४० अशा पटीतल्या उपस्वरांची रांगही निघत असते, आणि घसा, तोंड व नाक यांच्या पोकळ्या त्यांपैकी काहींना उठाव देऊन काहींना दाबतात. सारखेच शब्द सारख्याच स्वरात बोलणारी दोन माणसे आपण ओळखतो ती या उठावदाबाच्या जोरावर.

ढोबळ मानाने, आवाजाचे ‘अंग’ १०० ते ३०० हर्ट्झ या पट्ट्यात असते. २५० ते ५०० या पट्ट्यात गर्दी झाली की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा कोंदट होतो. २,००० ते ५,००० मध्ये शब्दांची स्पष्टता राहते. ५,००० ते ८,००० मध्ये ‘स’, ‘श’ यांची सळसळ. अंगाचा आणि कोंदटपणाचा पट्टा काही अंशी एकच आहे, हे येथे ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ त्यात आहे.

जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच प्रदेश जात असे. म्हणजे पुरुषाची मूळ कंप्रता पलीकडे पोहोचतच नसे. तरीही दूरच्या गावाहून बोलणाऱ्या काकांचा जाड आवाज जाडच ऐकू येई. याचे कारण असे की ३३०, ४४०, ५५० अशी उपस्वरांची रांग कानी आली म्हणजे त्यांच्यामधील ११० चे अंतर मेंदू हेरतो आणि गैरहजर असलेला मूळ स्वर आपल्या पदरचा भरून काढतो. सबब आवाजाला भार देण्याचे मार्ग दोन आहेत : प्रत्यक्ष खालचा पट्टा राखणे, आणि त्याची सूचना देणाऱ्या वरच्या उपस्वरांची रांग बळकट करणे. दुसऱ्या मार्गाची महती रॅपमध्ये अधिक, कारण अगदी तळाच्या प्रदेशाची मालकी तेथे आधीच दिली गेलेली असते. रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या १९८० सालच्या तालयंत्रातील लांबत जाणारा खर्जाचा ठोका, आणि त्यापासून निघालेले आजचे सारे बेस, यांनी तेथे कायमचा मुक्काम ठोकला आहे. ज्याला हे ठाऊक नसते तो आवाज भरण्यासाठी इक्यूवर, म्हणजे कंप्रतांचे पट्टे वाढवण्या-घटवण्याच्या साधनावर, १०० हर्ट्झच्या खालचा भाग वाढवीत बसतो आणि आवाज व बेस या दोघांचाही चिखल करून ठेवतो.

३. माइकपुढील चार बोटे

घरगुती ध्वनिमुद्रणात सर्रास वापरले जाणारे माइक समोरचा आवाज अधिक आणि पाठीमागचा कमी घेणारे असतात. त्यांच्या आतील पडद्यावर पुढून आणि मागून असा दोन्ही बाजूंनी दाब पडतो आणि त्या दोन दाबांतील फरकावर माइकचे काम चालते. तोंड फार जवळ आले म्हणजे पुढची बाजू मागच्या बाजूच्या मानाने लक्षणीय जवळ पडते, दाबांतील तफावत वाढते, आणि ही वाढ खालच्या कंप्रतांना सर्वाधिक मिळते. तोंड एक वीतभर दूर असता जो आवाज सडसडीत वाटतो, तोच चार बोटांवर आल्यावर भारदस्त होतो, यातील गुपित एवढेच. चहूबाजूंनी सारखे ऐकणाऱ्या माइकला मात्र हा नियम लागू नाही.

परंतु हे वरदान अंतर स्थिर राहील तरच वरदान. रॅपर स्वभावतः हलतो, हात फेकतो, एका ओळीत पुढे झेपावतो आणि दुसऱ्या ओळीत मागे जातो. परिणामी एका कडव्यात भार येतो आणि दुसऱ्यात ओसरतो, आणि ही अनियमितता पुढे कोणतेही यंत्र पूर्णपणे दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी पॉप फिल्टरची जाळी माइकपुढे चार ते सहा बोटांवर बसवावी आणि नाक तिच्याशी जुळते ठेवावे. मराठीत तर या जाळीवाचून गत्यंतर नाही, कारण ‘प’, ‘फ’, ‘ब’, ‘भ’ उच्चारताना ओठांतून सुटणारा वाऱ्याचा झोत पडद्यावर आदळतो आणि ‘भाऊ’ म्हणताच स्पीकर धडाडतो. माइक ओठांच्या रेषेपेक्षा किंचित वर ठेवून खाली कलता केला तर तो झोत खालून निघून जातो.

आता खोली. समजा, तोंडापासून माइकपर्यंतचे सरळ अंतर १५ सेंटीमीटर आहे, आणि टेबलाच्या गुळगुळीत पृष्ठावर आदळून तेथेच पोहोचणाऱ्या ध्वनीस ४९ सेंटीमीटर चालावे लागते. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. तेव्हा हा दुसरा ध्वनी सेकंदाच्या सुमारे एक हजारांशाने उशिरा येतो. एवढ्या उशिराने ५०० हर्ट्झची लहर नेमकी उलटी होऊन पहिल्या लहरीशी वजाबाकी करते, आणि तीच गत १,५०० व २,५०० हर्ट्झची होते. परावर्तित ध्वनी दुबळा असल्याने ही वजाबाकी पूर्ण होत नाही. पण आवाजात ठिकठिकाणी खड्डे पडतात आणि ऐकणाऱ्यास तो पोकळ वाटतो. हे खड्डे मागाहून बुजवता येत नाहीत.

बंदोबस्त साधा आहे : टेबल दूर करावे अथवा त्यावर जाड रजई पसरावी, आणि माइक असा ठेवावा की गाणाऱ्याच्या पाठीमागे कपड्यांचे उघडे कपाट किंवा लोंबती गोधडी येईल, कारण माइक ज्या दिशेस तोंड करून ऐकतो ती दिशा गाणाऱ्याच्या पाठीमागची असते. भिंतीवर पातळ फोमचे चौकोन चिकटवण्याची जी टूम निघाली आहे तिच्याविषयी माझे मत प्रतिकूल आहे. तो फोम वरच्या कंप्रता शोषतो, ३०० च्या आसपासचा कोंदटपणा जसाच्या तसा ठेवतो, आणि खोली दिसावयास स्टुडिओसारखी झाल्यामुळे तिच्या दोषांची चौकशीच बंद पडते.

४. प्रत आणि झील

आवाज भरण्यासाठी नवशिका सर्वप्रथम जी तजवीज करतो ती म्हणजे ट्रॅकची हुबेहूब प्रत काढून ती मूळ ट्रॅकखाली ठेवणे. याचा जमाखर्च मांडून पाहू. तंतोतंत सारख्या दोन लहरी एकत्र आल्या की पातळी ६ डेसिबेलांनी वाढते, आणि याखेरीज काहीही घडत नाही. फेडर, म्हणजे पातळीची सरकती कळ, ६ डेसिबेल वर ढकलला असता तरी हेच झाले असते. मग कोणी सांगतो की प्रत सेकंदाच्या शंभराव्या भागाने मागे सरकव. तसे केले असता हेडफोनमध्ये एका कानाकडे मूळ व दुसऱ्याकडे प्रत ठेवून आवाज खरोखरच रुंद भासतो, कारण एवढ्या थोड्या उशिराने येणारा दुसरा ध्वनी कान वेगळा मोजत नाही, पहिल्यातच विलीन करतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ साली गॉटिंगेन येथे याचा अभ्यास केला होता. पण तेच गाणे मोबाइलच्या एका स्पीकरवर वाजले की दोन्ही बाजू एकत्र होतात आणि ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ या ठिकाणी वजाबाकी सुरू होते. यांतील १५० आणि २५० म्हणजे आवाजाचे अंग! ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याच्यावरच घाला.

खरा उपाय श्रमाचा आहे. तीच ओळ पुन्हा म्हणावयाची, म्हणजे डबल घ्यावयाचा. माणूस एकच ओळ दोनदा सारखी म्हणू शकत नाही. स्वर केसभर वरखाली होतो, एखादे अक्षर किंचित लवकर पडते, उपस्वरांचा उठाव बदलतो. आणि या नकळत पडणाऱ्या फरकांतूनच, एकाच माणसाचे पण एकाहून अधिक कंठांचे असे जे दाट पोत विणले जाते, त्याची सर कोणत्याही प्रतीला येत नाही. अशा दोन टेकांची, म्हणजे दोनदा म्हटलेल्या ओळींची, बेरीज सरासरीने ३ डेसिबेलच भरते, म्हणजे पातळीच्या हिशेबात प्रतीपेक्षा कमी. भार मात्र जास्त. अमेरिकन रॅपर टुपाक शकूरच्या ध्वनिमुद्रणांत असे एकावर एक रचलेले टेक स्वच्छ ऐकू येतात.

दोनदा गाण्याचा कंटाळा थोरांनाही असतो. जॉन लेनन यास तो होता, आणि बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांवर काम करणारे लंडनच्या ॲबे रोड येथील ईएमआय स्टुडिओतील तंत्रज्ञ केन टाउनसेंड यांनी १९६६ साली त्यावर टेपयंत्राची युक्ती काढली : गाणे दुसऱ्या टेपवर उतरवून तिचा वेग किंचित कमीजास्त करीत राहावयाचे, म्हणजे प्रतीचा उशीर स्थिर न राहता हेलकावे खातो आणि दुसरा माणूस गात असल्याचा भास होतो. आजच्या डबलर प्लगिनांचे कूळ तेच. नाइलाज असेल तेथे ती वापरावी.

डबल कोठे द्यावयाचा, हा रसिकतेचा भाग आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे पोवाड्यात तयार आहे. शाहीर कडवे पुढे नेत असतो तेव्हा झीलकरी प्रत्येक शब्दाबरोबर गात नाहीत. ते ओळीचा शेवट उचलून धरतात, आणि त्यामुळे शाहिराचा एकट्याचा कंठ ओळीच्या मध्यात धारदार व शेवटी विशाल वाटतो. रॅपमध्येही संपूर्ण कडवे सरसकट दुहेरी केले तर कानाला थोड्याच वेळात त्याची सवय होते आणि भार जाणवेनासा होतो. यमकाचे शब्द, ठोक्यावर पडणारे शब्द आणि हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे धृपद, एवढ्यांनाच झील दिली तर ती प्रत्येक वेळी नव्याने जाणवते. हूकला दोन डबल घेऊन एक डावीकडे व एक उजवीकडे, आणि कडव्यातील डबल मधोमधच, मूळ आवाजापेक्षा ६ ते १० डेसिबेल खाली, अशी वाटणी मला पसंत आहे. डबल वेगळा ऐकू येऊ लागला तर तो जास्त झाला असे समजावे. बंद केल्यावर उणीव भासली म्हणजे बरोबर बसला.

डबल घेताना ‘स’ फार छळतो. समजा ओळ आहे, ‘सात वाजता सायरन, सगळी चाळ सावध’. मुख्य टेकमधील ‘स’ आणि डबलमधील ‘स’ यांत किंचित अंतर पडले तरी ‘स्स’ असा दुहेरी चरा उठतो, आणि चार ‘स’ असलेल्या ओळीत तो असह्य होतो. त्यावरची जुनी युक्ती ऐकावयास हास्यास्पद आहे : डबलमध्ये ‘स’ गाळूनच टाकावयाचा आणि ‘आत वाजता आयरन, अगळी चाळ आवध’ असे मोठ्या गांभीर्याने म्हणावयाचे. एकट्याने ऐकली तर ही ओळ बोबड्या पोराची वाटते. मुख्य टेकखाली ठेवली की कान ‘स’ तेवढा वरून घेतो, स्वर दोन्हीकडून घेतो, आणि कुणाला काही कळत नाही.

५. चढउतारांचा निवाडा

बोलण्यात एक शब्द मोठा आणि पुढचा दबका असणे स्वाभाविक आहे. पण बीट एकाच पातळीवर अखंड वाजत असल्यामुळे दबके शब्द तिच्याखाली बुडतात, आणि अर्धे शब्द बुडालेला आवाज पातळ वाटतो. कॉम्प्रेसर हे यंत्र ठरावीक मर्यादेच्या वर गेलेल्या भागास ठरावीक प्रमाणात आवर घालते. मर्यादा उणे २० डेसिबेल आणि प्रमाण चारास एक असे धरू. उणे ८ वरचा शब्द मर्यादेच्या १२ वर आहे; तो ३ वर येतो, म्हणजे उणे १७. उणे २४ वरचा दबका शब्द मर्यादेखालीच असल्याने त्यास धक्का लागत नाही. दोहोंतील १६ डेसिबेलांची दरी आता ७ उरली. मग सर्वच ९ डेसिबेलांनी उचलले, की मोठा शब्द आपल्या पूर्वीच्या जागी उणे ८ वर येतो, आणि दबका शब्द उणे १५ वर. मोठ्याला न दुखवता लहान मोठा झाला.

यंत्र किती त्वरेने पकड घेते यास फार महत्त्व आहे. बिल पुटनम यांनी १९६७ च्या सुमारास आणलेले ११७६ हे रॅपच्या स्टुडिओंतही प्रिय असलेले यंत्र सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात पकड घेऊ शकते (त्याची कळ उजवीकडे फिरवली की वेग वाढतो, आणि इतर यंत्रांची सवय झालेले लोक येथे हमखास फसतात). पकड अतिशीघ्र ठेवली तर ‘ट’, ‘क’, ‘ड’ यांची धार बोथट होते, आणि रॅपमधून व्यंजनाची धार काढली तर शिल्लक काय राहिले? पकड थोडी सैल ठेवावी. अथवा मूळ आवाज अबाधित ठेवून, जबर दाबलेला त्याचा एक जोडट्रॅक हळूहळू खालून वर आणावा.

६. बीटकडून जागा मागणे

या प्रकरणातील सर्वांत उपयुक्त गोष्ट बहुधा हीच आहे, आणि ती करण्यास एक कपर्दिकही लागत नाही : बीटचा फेडर खाली घ्यावा. विकत घेतलेली बीट कमाल पातळीला भिडलेली असते. तिच्या वर जाण्यासाठी आवाज वाढवीत राहणाऱ्यास थोड्याच वेळात वर जागाच उरत नाही. प्रथम बीट ४ ते ६ डेसिबेल उतरवावी आणि मगच आवाजाच्या कोणत्याही कळीला हात लावावा. त्यानंतर बीटच्या मध्यभागी २,००० ते ४,००० आणि २०० ते ३०० हर्ट्झच्या आसपास दोनेक डेसिबेलांची उतरण द्यावी. आवाज चालू असतानाच ही उतरण लागू व्हावी अशीही सोय असते. वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे स्टेम्स, मिळत असतील तर थोडे अधिक पैसे मोजून अवश्य घ्यावेत, म्हणजे आवाजाच्या आड येणाऱ्या एकट्या सिंथला गाठता येते.

खुद्द आवाजावर इक्यू चालवताना ८० हर्ट्झखालचा भाग काढून टाकण्यास हरकत नाही, कारण तेथे पंख्याची घरघर आणि पायांची धडधड यांपलीकडे काही नसते. परंतु तयार प्रीसेट पुष्कळदा ही छाटणी १५० पर्यंत किंवा त्याही वर नेतात, आणि ११० हर्ट्झच्या पुरुषाचा मूळ स्वरच कापला जातो. ३०० च्या भोवतालचा कोंदटपणा अरुंद पट्ट्यात, दोन-तीन डेसिबेलच काढावा. यापुढे सौम्य सॅच्युरेशन, म्हणजे टेप किंवा व्हॉल्व्हच्या यंत्रात पूर्वी आपोआप होत असे ती अल्प विकृती, आवाजात नवे उपस्वर निर्माण करते. टेलिफोनच्या उदाहरणात पाहिलेली रांग तिने दाट होते आणि छोट्या स्पीकरवरही खर्जाची सूचना पोहोचते. ‘स’ आधी डी-एसरने, म्हणजे सळसळ दाबणाऱ्या साधनाने, आवरावा, नाहीतर विकृती त्यालाच प्रथम धरते.

रीव्हर्बविषयी, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याविषयी, थोडक्यात. सेकंदाला सहा अक्षरे पडत असता दोन सेकंद टिकणारा रीव्हर्ब दिला, तर एका अक्षराची शेपटी पुढच्या बारा अक्षरांवर लोळते. अर्ध्या सेकंदाच्या आतला लहान खोलीचा रीव्हर्ब, खालचा भाग कापून, पुरेसा होतो; आणि ओळीचा शेवटचा शब्द तेवढा डिलेवर, म्हणजे प्रतिध्वनीवर, सोडावा.

७. कानाची फसगत

हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की ध्वनी मंद असता कान खालच्या कंप्रतांना फारशी दाद देत नाही. ध्वनी मोठा झाला की तोच कान खर्ज मोकळेपणाने ऐकतो. याचा व्यवहारातील अर्थ असा की जे मोठे वाजते ते आपोआप भरदार वाटते, आणि ज्या प्लगिनने आवाज दोन डेसिबेल वाढवला ते गुणी ठरते. म्हणून प्रत्येक बदल चालू-बंद करून पाहताना दोन्ही वेळची पातळी सारखी करून घेण्याची तसदी घ्यावी. कित्येक महागड्या साधनांची मिजास या एका कसोटीने उतरते.

अखेरीस गाणे मोबाइलवर, एकाच स्पीकरमधून, स्वयंपाकघरात फोडणीच्या आवाजात ऐकावे. हूकमधील डावे-उजवे डबल तेथे एकत्र येतील. ते एकत्र आल्यावर आवाज आत ओढल्यासारखा झाला तर दोन डबलांपैकी एक कुठेतरी नक्कल आहे किंवा संगणकाने दोन्ही टेक फारच काटेकोर जुळवले आहेत. तेव्हा तो काढावा, माइकपुढे पुन्हा उभे राहावे, आणि ओळ ‘स’ गाळून आणखी एकदा म्हणावी.